अंतराळयात्रेच्या मालिका : एक तुलना

मधल्या सुट्टींत शाळेच्या व्हरांड्यांत जे वाद रंगतात, त्यांत क्रिकेटच्या खालोखाल मान सांप्रत अंतराळयात्रेच्या मालिकांचा आहे. एकाची नौका प्रकाशाहून वेगानें धांवते, तर दुसऱ्याची क्षणार्धांत अदृश्य होते. एकाचा कप्तान शूर, तर दुसऱ्याचा यंत्रमानव हजरजबाबी. घंटा होते, वाद तसाच राहतो, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां आरंभापासून सुरू होतो. घरीं पालकांचें म्हणणें याहून अगदींच निराळें असतें. हें सगळें खोटें आहे, त्यापेक्षां चार गणितें सोडवा, असें म्हणून ते टीव्ही बंद करितात. आमच्या मतें दोन्ही पक्षांचें कांहीं खरें आहे आणि कांहीं चुकतें आहे. मुलें नौकेची चकाकी पाहतात, पालक तिचा खोटेपणा पाहतात. पण ती नौका कोणत्या हेतूनें बांधली आणि तिच्यांत कोणाला बसविलें, हें पाहावयाचें दोघांच्याही हातून राहून जातें.

सोनें पारखावयास कसोटीचा दगड लागतो. त्याप्रमाणें ह्या मालिका पारखण्यासाठीं आम्ही तीन प्रश्न योजितों. पहिला, कथेंत सृष्टीचे नियम कितपत पाळले आहेत? दुसरा, त्या नौकेंत कोणाकोणाला जागा आहे, आणि वाटेंत परका भेटला असतां मंडळी त्याच्याशीं कशी वागतात? तिसरा, मालिका संपून पडदा काळा झाल्यावर पाहणाऱ्याच्या हातून कांहीं घडतें काय? ह्या तीन प्रश्नांनीं कांहीं प्रसिद्ध प्रतिस्पर्धी मालिकांची तुलना करण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम अंतराची कल्पना करून घेऊं. हिवाळ्याच्या रात्रीं वारणेच्या कांठीं उभें राहून वर पाहिलें, तर सगळे तारे एकाच छताला टांगल्यासारखे दिसतात. वस्तुतः त्यांच्या आमच्यांत जें अंतर आहे, तें मनांत मावणें कठीण. प्रकाश सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर जातो. चंद्रापासून तो आमच्यापर्यंत सव्वा सेकंदांत येतो, सूर्यापासून सव्वाआठ मिनिटांत. आणि सूर्य सोडल्यास सर्वांत जवळच्या ताऱ्यापासून येथवर यावयास त्याला ४ वर्षांहून अधिक काळ लागतो. १९७७ सालीं सोडलेलें 'व्हॉयेजर १' हें यान सेकंदास सुमारें १७ किलोमीटर ह्या वेगानें सूर्यमालेपासून दूर जात आहे. ह्या वेगानें कोल्हापुराहून मुंबई अर्ध्या मिनिटाच्या आंत गांठतां येईल. पण ह्याच वेगानें त्या जवळच्या ताऱ्याकडे जावयाचें म्हटलें, तर सुमारें ७५,००० वर्षें लागतील! वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार-भागाकार स्वतः करून पाहावा. म्हणजे पालकांची चार गणितांची अटही आपोआप पुरी होईल.

म्हणून ताऱ्यांच्या प्रवासाची कथा सांगणाऱ्यास आरंभींच एखादी युक्ति योजावी लागते. कोणी प्रवाशांना गोठवून निजवितो, कोणी प्रकाशाहून वेगवान असें यंत्र कल्पितो, कोणी अंतराळांत एखादें भुयार मानून त्यांतून जवळची वाट काढतो. अशी एक कल्पना गृहीत धरावयास हरकत नाहीं. भूमितींतही आपण कांहीं गोष्टी गृहीत धरून पुढें जातोंच. मात्र एकदां जें गृहीत धरलें, तें शेवटपर्यंत पाळलें पाहिजे. सोयीनुसार आज एक नियम आणि उद्यां दुसरा, असें करूं लागल्यास ती विज्ञानकथा राहत नाहीं, जादूचा खेळ होतो.

आतां प्रतिस्पर्ध्यांच्या पहिल्या जोडीकडे वळूं. १९६५ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत सीबीएस ह्या वाहिनीवर 'लॉस्ट इन स्पेस' ही मालिका सुरू झाली. तिचे निर्माते आयर्विन ॲलन. सुमारें एक वर्षानें, ८ सप्टेंबर १९६६ रोजीं, एनबीसी ह्या दुसऱ्या वाहिनीवर जीन रॉडनबेरी ह्यांची 'स्टार ट्रेक' अवतरली. ह्या दोहोंच्या चुरशीमागें एक गंमतीची हकीकत आहे. रॉडनबेरी आपली कल्पना घेऊन आधीं सीबीएसकडेच गेले होते. तेथल्या अधिकाऱ्यांनीं ती लक्षपूर्वक ऐकून घेतली आणि अखेरीस सांगितलें कीं, आमच्यापाशीं अशीच एक मालिका आहे. ती म्हणजे 'लॉस्ट इन स्पेस'. पण ह्या दोन मालिकांत खरोखर साम्य किती होतें, तें आतां पाहूं.

'लॉस्ट इन स्पेस'ची गोष्ट एका कुटुंबाची आहे. साल १९९७. पृथ्वीवर दाटी झालेली. म्हणून रॉबिन्सन नांवाचें एक सुविद्य कुटुंब, आईबाप व तीन मुलें, दूरच्या ताऱ्याकडे वस्तीसाठीं पाठविलें जातें. डॉक्टर स्मिथ नांवाचा एक घातकी मनुष्य यान बिघडवावयास आंत शिरतो आणि स्वतःच त्यांत अडकतो. यानाची वाट चुकते, आणि पुढचे ८३ भाग ही मंडळी घराचा रस्ता शोधीत भटकतात. आरंभींचे भाग गंभीर होते. पुढें मात्र दुसऱ्या एका वाहिनीवर 'बॅटमॅन' ही भडक रंगांची मालिका गाजूं लागली आणि तिच्याशीं स्पर्धा करण्याच्या नादांत ह्या मालिकेचा तोल गेला. लबाड स्मिथ, चुणचुणीत विल आणि यंत्रमानव ह्या तिघांच्या विनोदावरच सारा भर पडला. १९६८ मधील एका भागांत तर माणसाएवढें बोलणारें गाजर खलपुरुष म्हणून आलें! मुलें हंसलीं असतील, यांत शंका नाहीं. आम्हांसही हंसूं येतें. पण सृष्टिनियमांची कसोटी लावावयाची झाल्यास त्या गाजरापाशींच परीक्षा संपली, असें म्हणावें लागतें.

'स्टार ट्रेक'मध्यें कुटुंब नाहीं. तेथें 'एंटरप्राइझ' नांवाची नौका असून तिच्यांत सुमारें ४३० खलाशी आहेत, आणि त्यांचें काम वाट चुकून भटकण्याचें नसून हेतुपूर्वक शोध घेण्याचें आहे. विज्ञानाच्या कसोटीस तीही सर्वस्वीं उतरत नाहीं. अंतराळांत हवा नाहीं, म्हणून तेथें आवाज पोहोंचत नाहीं. तरी नौका घोंघावत जाते. माणसाला एके ठिकाणीं विरघळवून दुसरीकडे उभें करणारें यंत्र तर निव्वळ काटकसरींतून जन्मलें. दर आठवड्यास एवढी मोठी नौका ग्रहावर उतरलेली दाखविणें परवडत नव्हतें, म्हणून माणसेंच परस्पर उतरविण्याची ही युक्ति निघाली. परंतु आपण कल्पिलेले नियम पाळण्याचा तिनें सामान्यतः प्रयत्न केला, आणि पहिल्या कसोटींत प्रतिस्पर्ध्याहून थोडे अधिक गुण मिळविले.

तिचें खरें श्रेष्ठत्व दुसऱ्या कसोटींत दिसतें. १९६६ सालीं अमेरिकेंत काळ्या लोकांचा समान हक्कांसाठीं लढा चालू होता आणि रशियाशीं शीतयुद्ध ऐन भरांत होतें. अशा वेळीं ह्या नौकेच्या सुकाणूकक्षांत अमेरिकन कप्तानाच्या शेजारीं उहुरा ही आफ्रिकन अधिकारी बसली. तिचें नांव स्वाहिली भाषेंतील स्वातंत्र्य ह्या अर्थाच्या शब्दावरून घेतलें होतें. सुलूची भूमिका जपानी वंशाचे जॉर्ज टाकेई ह्यांनीं केली. दुसऱ्या महायुद्धांत जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना ज्या छावण्यांत कोंडण्यांत आलें, त्यांत ह्याच टाकेईंच्या बालपणाचीं कांहीं वर्षें गेलीं होतीं. १९६७ पासून चेकोव्ह हा रशियनही तेथें आला. आणि कप्तानाचा परममित्र स्पॉक तर अर्धा परग्रहवासी. रॉबिन्सन मंडळींना भेटणारा परका बहुधा संकट होऊन येई; 'एंटरप्राइझ'वर परक्याला आधीं प्रश्न विचारला जाई. भयंकर वाटणारा प्राणी आपल्या पिलांच्या रक्षणासाठीं झटणारी आई निघतो, अशा अर्थाचीही एक कथा तींत आहे. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आमच्या मुलांना पाठ आहे. शेजारी कोण, हा त्यांतील प्रश्नच ह्या मालिकेनें ताऱ्यांच्या प्रदेशांत नेऊन पुन्हां विचारला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तिसऱ्या कसोटींतही हीच मालिका पुढें जाते. उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर काम सोडून जाण्याच्या विचारांत होत्या. एका समारंभांत त्यांची मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्याशीं भेट झाली. ही जागा सोडूं नका, आमच्या मुलांना तुमच्यांत आपला उद्यांचा दिवस दिसतो, अशा आशयाचें किंग बोलले, असें त्या पुढें सांगत असत. त्या राहिल्या. पुढें १९७७ पासून त्यांनीं नासासाठीं स्त्रियांना व गौरेतर तरुणांना अंतराळवीर होण्यासाठीं पुढें येण्याचें आवाहन केलें. लहानपणीं ही मालिका आवडीनें पाहणाऱ्या मे जेमिसन १९९२ सालीं अंतराळांत जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइझ' हें नांव १९७६ सालीं प्रेक्षकांच्या पत्रांच्या वर्षावामुळेंच मिळालें. तें शटल केवळ चांचणीपुरतें होतें व अंतराळांत कधीं गेलें नाहीं, ही गोष्ट निराळी. आणि मौज ही कीं, जिवंतपणीं ही मालिका अपयशीच ठरली होती. प्रेक्षक कमी म्हणून ती तीन वर्षांत बंद पडली. तिचा शेवटचा नवा भाग ३ जून १९६९ रोजीं दाखविला गेला, आणि पुढच्या महिन्यांत, २० जुलै रोजीं, मनुष्य खरोखरच चंद्रावर उतरला!

येथपर्यंत वाचून आमच्या विद्यार्थ्यांच्या मनांत एक प्रश्न आला असेल, आणि तो यावयासच हवा. त्या नौकेंत आमची जागा कोठें होती? आफ्रिकन होती, जपानी होता, रशियन होता. जगाच्या लोकसंख्येंत एवढा मोठा वांटा असलेल्या भारताचा कोण होता? त्या पहिल्या मालिकेंत भारताचें नांव ठळकपणें आलें तें फेब्रुवारी १९६७ मधील एका भागांत, आणि तेंही एका खलपुरुषाच्या रूपानें. खान नूनियन सिंग असें त्याचें नांव; तो उत्तर भारतांतला, बहुधा शीख, असें एक पात्र सांगतें. भूमिका केली मेक्सिकोंत जन्मलेल्या नटानें. खान आणि सिंग हीं दोन्ही नांवें एकाच माणसाला देणाऱ्यांस आमच्या देशाची ओळख किती होती, हें सांगावयास नकोच. पुढें मालिकेवरून चित्रपट निघाले, तेव्हां हा दोष थोडा भरून निघाला. १९७९ च्या पहिल्या चित्रपटांत मुंबईच्या पर्सिस खंबाटा ह्यांनीं आपले केस पूर्णपणें उतरवून एका परग्रहवासी नौकाधिकारी स्त्रीची भूमिका केली, आणि १९८६ च्या चौथ्या चित्रपटांत आमचे टेनिसपटु विजय अमृतराज एका नौकेचे कप्तान म्हणून क्षणभर दिसले. उदार म्हणविणाऱ्या कथेच्याही दृष्टीस सगळें जग पडत नाहीं; लेखकाची नजर जेथवर जाते, तेथवरच खुर्च्या मांडल्या जातात. म्हणून ज्याला जागा हवी, त्यानें आपली कथा आपणच लिहिली पाहिजे.

दुसरी जोडी १९९३ सालची. त्या वर्षीं जानेवारींत 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' सुरू झाली, आणि फेब्रुवारींत 'बॅबिलॉन ५'चा आरंभींचा चित्रपट दाखविला गेला, तिचे नियमित भाग १९९४ ते १९९८ मध्यें झाले. दोन्ही मालिकांत नौका नसून एका जागीं असलेलें अंतराळस्थानक आहे, आणि तेथें नाना जातींचे परग्रहवासी येतात जातात. 'बॅबिलॉन ५'चे लेखक मायकेल स्ट्रॅझिन्स्की ह्यांनीं आपल्या मालिकेची रूपरेषा १९८९ सालींच 'स्टार ट्रेक'च्या मालक कंपनीला दाखविली होती. त्यामुळें कोणी कोणाचें उचललें, हा वाद रसिकांत वर्षानुवर्षें चालला. लेखक स्वतः मात्र कोर्टांत गेले नाहींत. आमच्या व्हरांड्यांतील वादही त्यांच्यासारखा आवरतां आला, तर बरें होईल.

सृष्टिनियमांच्या कसोटीस येथें 'बॅबिलॉन ५' निश्चितपणें सरस ठरते. तिचें पांच मैल लांबीचें स्थानक स्वतःभोंवती फिरत असतें. कां? पाण्यानें भरलेली बादली हातांत घेऊन जोरानें गोल फिरवा. ती डोक्यावर उलटी आली तरी पाणी सांडत नाहीं. जोंधळ्याच्या शेतांत पांखरें हांकणाऱ्याच्या गोफणींतला दगडही फिरतांना असाच बाहेरच्या बाजूस दाबून बसतो. तसेंच फिरत्या स्थानकाच्या आंतल्या भिंतीवर माणसांचे पाय टेकून राहतात, आणि वजनाचा भास होतो. इतर मालिकांत जमिनीवरल्यासारखें वजन कोठून येतें, ह्याचा सहसा कोणी विचारही करीत नाहीं. तिच्यांतील लहान लढाऊ यानेंही न्यूटनचा पहिला नियम जाणतात. ऊस भरलेली गाडी बैल सोडतांच थांबते, कारण रस्त्याचें घर्षण तिला धरून ठेवतें. अंतराळांत घर्षण नाहीं. तेथें एकदां गति मिळालेलें यान इंजिन बंद केलें तरी पुढें जातच राहतें, आणि तसें जातांजातां तोंड फिरवून मागें पाहूं शकतें. 'बॅबिलॉन ५'मधील वैमानिक नेमकें हेंच करितात. शिवाय पांच वर्षांची सारी कथा आधींच आंखून ठेविली होती, आणि ११० पैकीं ९२ भाग एकट्या स्ट्रॅझिन्स्कींनीं लिहिले. त्यामुळें पहिल्या वर्षीं पेरलेली गोष्ट चौथ्या वर्षीं उगवते. आजच्या मालिका सलग कादंबरीप्रमाणें गुंफण्याची जी रीत दिसते, तिच्या आरंभीच्या उदाहरणांत हिची गणना होते.

दुसऱ्या कसोटींत मात्र दोन्ही मालिका तुल्यबळ आहेत, आणि आमच्या देशास त्या विशेष जवळच्या वाटाव्यात. दोहोंतही एक नुकतें किंवा पूर्वीं स्वतंत्र झालेलें राष्ट्र आहे आणि त्याचे जुने राज्यकर्तेही आहेत. 'डीप स्पेस नाइन'मध्यें बजोर ग्रहाचे लोक कार्डेशियनांच्या जुलमी अमलांतून नुकतेच सुटले आहेत. 'बॅबिलॉन ५'मध्यें नार्न लोकांवर पूर्वीं सेंटॉरी साम्राज्याचें राज्य होतें. आतां ह्या जुन्या वैऱ्यांना एकाच छपराखालीं नांदावयाचें आहे. जुना अन्याय विसरावा काय? सूड घेतल्यानें तो फिटतो काय? स्वातंत्र्य मिळाल्यावर मनांतला राग कोठें ठेवावा? नार्न वकील जी'कार ह्याचा सूडापासून क्षमेपर्यंतचा प्रवास ज्यानें पाहिला, त्यास ही केवळ परग्रहावरील गोष्ट आहे, असें वाटणार नाहीं. १९४७ नंतर आमच्या वाडवडिलांपुढेंही हेच प्रश्न होते.

आतां आपल्या दूरदर्शनकडे येऊं. १९८० च्या दशकांत 'स्टार ट्रेक'चे भाग येथें दूरदर्शनवर दाखविले गेले, आणि त्या दशकाच्या अखेरीस 'स्पेस सिटी सिग्मा' ही हिंदी मालिका आली. कॅप्टन तारा आणि त्याचे सोबती एका बाजूस, झखाकू हा दुष्ट दुसऱ्या बाजूस, असा तिचा मांड होता. 'स्टार ट्रेक'ची छाप तिच्यावर स्पष्ट होती, साधनेंही अगदीं साधीं होतीं. तथापि ज्यांनीं ती लहानपणीं पाहिली, ते आज पालक झाले असूनही झखाकूचें नांव काढतांच हंसतात. पुढें १९९८ सालीं केतन मेहता ह्यांची 'कॅप्टन व्योम' आली. तिचे नायक आमचे मराठमोळे मिलिंद सोमण. तुरुंगांतून पळालेल्या भयंकर गुन्हेगारांना एकामागून एक पकडण्याची कामगिरी व्योमवर सोंपविलेली असते. संगणकानें काढलेलीं चित्रें तिच्यांत बरींच वापरलीं होतीं, आणि त्या काळच्या मानानें तें धाडस होतें.

ह्या दोहोंची तुलना केली, तर देखाव्यांत व्योम पुढें आहे, जिव्हाळ्यांत सिग्मा. दोहोंचा मोठा गुण हा कीं, कप्तानाच्या खुर्चींत प्रथमच आमचा मनुष्य बसला आणि तो आमच्या भाषेंत बोलला. पण दोहोंचा दोषही एकच आहे. खुर्ची मिळाली, पण तींत बसून शोध घ्यावयाचा राहिला. एकांत शत्रूशीं झुंज, दुसऱ्यांत चोरांचा पाठलाग. अंतराळ केवळ मागचा पडदा म्हणून राहिलें. हीच कथा एखाद्या शहरांत घडविली असती, तरी फारसें कांहीं बिघडलें नसतें. आणि अंतराळकथेची सर्वांत सोपी परीक्षा हीच आहे कीं, अंतराळ काढून घेतल्यावर ती कथा उभी राहते कीं कोसळते, हें पाहावें. उभी राहिली, तर अंतराळ केवळ शोभेचें होतें, असें समजावें.

मग आमच्याकडे शोधाची कथा कोणीं सांगितलीच नाहीं काय? सांगितली, आणि सांगणारा कोल्हापुरांत जन्मलेला होता. डॉ. जयंत विष्णु नारळीकर ह्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजीं कोल्हापुरांत झाला, आणि २० मे २०२५ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. केंब्रिजमध्यें त्यांचे गुरु फ्रेड हॉइल हे मोठे खगोलशास्त्रज्ञ. पण त्यांनींही कथा लिहिण्यांत कमीपणा मानला नाहीं. जॉन इलियट ह्यांच्यासह त्यांनीं लिहिलेली 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका १९६१ सालींच बीबीसीवर झाली होती. दूरच्या ताऱ्यांतून एक रेडिओसंदेश येतो, आणि त्यांत एक संगणक बांधण्याची कृति असते, असें तिचें सूत्र. येथें एकही नौका उडत नाहीं. प्रवास करितो तो संदेश. अंतराची जी अडचण आम्ही आरंभीं सांगितली, ती ओळखूनच ही कथा रचली होती.

शिष्यानें ती वाट मराठींत आणिली. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत नारळीकरांनीं 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप ह्या टोपणनांवानें पाठविली. नांवाचीं आद्याक्षरें उलट क्रमानें वाचलीं, तर त्यांचींच निघतात! अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली होती. तिला पहिलें पारितोषिक मिळालें, आणि मगच लेखक कोण तें कळलें. मोठ्या नांवाचा वशिला न लावतां आपली कृति परीक्षेस बसविणें, हा धडा विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. त्यांच्या 'धूमकेतू' ह्या कथेंत एका हौशी निरीक्षकाला सांपडलेला धूमकेतु पृथ्वीवर आदळणार, असें निघतें. शास्त्रज्ञ यान पाठवून त्याची दिशा बदलण्याचा उपाय करितात. इकडे घरचीं माणसें यज्ञयाग करितात. संकट टळतें, आणि श्रेय कोणाचें, हा प्रश्न घरांतच उभा राहतो. ही कथा दुसऱ्या कोणत्या देशांतली म्हणून खपणार नाहीं; आणि धूमकेतु काढून टाकल्यास ती क्षणभरही उभी राहणार नाहीं. पुढें २६ सप्टेंबर २०२२ रोजीं नासानें 'डार्ट' हें यान डायमॉर्फस नांवाच्या लहानशा खगोलावर मुद्दाम आदळविलें आणि त्याच्या प्रदक्षिणेचा काळ सुमारें अर्ध्या तासानें कमी केला. ज्या युक्तीची कथा झाली होती, तिचा असा प्रयोग झाला. दूरदर्शनवर 'ब्रह्मांड' ही मालिकाही नारळीकरांनीं केली. तींत खलपुरुष नव्हता, गुंगवून टाकणारें होतें तें केवळ खरें विश्व.

खरें भविष्य कोणत्या रूपानें येतें, ह्याचें एक उदाहरण तर आमच्या दारींच आहे. 'कॅप्टन व्योम' जेव्हां दूरदर्शनवर गाजत होता, त्याच १९९८ सालीं वारणा परिसरांतील सुमारें ७० गांवें संगणकानें जोडण्याची योजना वारणानगरला सुरू झाली. ऊसउत्पादकास आपल्या उसाची तोड, वजन आणि बिल ह्यांची माहिती गांवांतल्या केंद्रावरच मिळावी, असा तिचा एक हेतु होता. तेथें चंदेरी पोशाख नव्हता कीं झगमगती बंदूक नव्हती; एक यंत्र, एक शिकलेला तरुण, आणि समोर धोतराचा सोगा सांवरीत उभा असलेला शेतकरी. परंतु सहकारानें उभ्या राहिलेल्या ह्या गांवास ज्या प्रकारची नौका शोभते, ती हीच. जेथें एकटा वीर सर्वांना वांचवितो, ती गोष्ट आम्हांस थोडी परकीच वाटते. जेथें प्रत्येकजण आपलें काम चोख करितो म्हणून नौका चालते, ती लगेच समजते. तात्यासाहेब कोरे ह्यांनीं कारखाना उभारला, तो एकट्यानें नव्हे, हजारों सभासद बरोबर घेऊन.

आणखी एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. रॉबिन्सन कुटुंबाचें कल्पित यान १९९७ सालीं निघावयाचें होतें. तें वर्ष उजाडलें, तेव्हां ताऱ्याकडे कोणी गेलें नाहीं. पण त्या वर्षाच्या ४ जुलैला जेमतेम दहा किलो वजनाची 'सोजर्नर' ही सहाचाकी गाडी घेऊन एक यान मंगळावर उतरलें, आणि नोव्हेंबरांत कर्नालच्या कल्पना चावला प्रथमच अंतराळांत गेल्या. कल्पितकथेंत नसलेली खुर्ची प्रत्यक्षांत आधीं मिळाली! १९८४ सालीं राकेश शर्मा गेले होते, आणि २०२५ सालीं शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर राहून परत आले. ह्यापुढें आमची जागा कोठें, हा प्रश्न दुसऱ्या कोणास विचारण्याचें कारण उरलेलें नाहीं.

आतां निकाल. नौकेच्या चकाकीवरून गुण द्यावयाचे नाहींत, हें ठरल्यावर तो कठीण नाहीं. नियमांच्या कसोटींत 'बॅबिलॉन ५' पहिली; परक्यास शेजारी मानण्यांत आणि प्रत्यक्ष माणसें घडविण्यांत पहिली 'स्टार ट्रेक', पण खानाचा डाग तिच्या अंगावर आहेच. 'लॉस्ट इन स्पेस' निखळ करमणुकींत उत्तीर्ण. आमच्या सिग्मा व व्योम ह्यांना धिटाईबद्दल उत्तेजनार्थ बक्षीस. आणि शोधाच्या कथेचें पारितोषिक नारळीकरांच्या कथांना. हा निकाल कोणास न पटल्यास आम्हांस आनंदच होईल. मात्र त्यानें आपला निकाल ह्याच तीन प्रश्नांच्या आधारें द्यावा.

पालकांस आमची एक विनंती आहे. टीव्ही बंद करण्यापूर्वीं एक भाग मुलांच्या शेजारीं बसून पाहावा आणि मग विचारावें : ह्यांत शक्य काय होतें आणि अशक्य काय? त्या नौकेंत कोण नव्हतें? परक्याशीं मंडळी नीट वागलीं काय? विद्यार्थ्यांनीं एका वहींत दोन रकाने करावे. एकांत कथेंतील नवल लिहावें, दुसऱ्यांत त्याची सत्यता पुस्तकांतून शोधून लिहावी. वर्षाखेरीस दुसरा रकाना पहिल्याहून मोठा झाला, तर ती मालिका पाहण्यांत वेळ फुकट गेला नाहीं, असें खुशाल समजावें. आणि ज्याची वही भरेल, त्यानें पुढच्या अंकासाठीं एक कथा अवश्य लिहून द्यावी. तिच्यांतील यान वारणेच्या कांठाहून निघावें, सृष्टीचे नियम पाळीत जावें, आणि त्यांत एक खुर्ची अशा कोणासाठीं रिकामी ठेवावी, ज्याची आठवण आजवर कोणासच झाली नाहीं.